माहितीपटाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: दोन वर्षे वर्गात द्यावीत की माणसांत?

कोरी रीळ

सात वर्षे वृत्तपत्रात बातमीदारी केल्यानंतर मी माहितीपटाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि गेल्या वर्षी तो पूर्ण केला. तेव्हापासून ‘कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मग त्यासाठी दोन वर्षे कशाला घालवलीत?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की, एकदा त्याचे सविस्तर उत्तर लिहावे आणि ते खोडून काढण्याची संधी या चर्चामंचावरील जाणकारांना द्यावी, असे वाटले.

केवळ कॅमेरा शिकण्यासाठी हा अभ्यासक्रम कोणी करू नये. ते काम करता करता सहा महिन्यांत जमते. तो करावा तो स्वतःच्या फुटेजकडे परक्याच्या नजरेने पाहता यावे म्हणून. पहिल्या सत्रात आमच्याकडून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर एक छोटा मूकपट करून घेतला गेला. ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने साधारण ११ मिनिटांत संपते. मेमरी कार्डावर तासन्‌तास चित्रित करत राहायचे आणि ‘संकलनात बघू’ म्हणायचे, ही माझी जुनी सवय होती. त्या ११ मिनिटांनी मला दाखवून दिले की ती सवय म्हणजे निव्वळ निर्णय टाळणे होते.

त्याहून महत्त्वाचे होते ते रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा मसुदा, सर्वांसमोर दाखवणे. बंद पडत आलेल्या एका छापखान्यातील वृद्ध जुळाऱ्यावर (छपाईसाठी शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्या कामगारावर) मी पदवीपट, म्हणजे पदवीसाठी करायचा चित्रपट, करत होते. खिळे जुळवणाऱ्या हातांवर आपण चित्रपट करतो आहोत, अशी माझी समजूत होती. चाळीस मिनिटांचा रफ कट पाहून एका वर्गमित्राने इतकेच विचारले, ‘ते बोलू लागले की तुम्ही दर वेळी हातांवरून कॅमेरा का उचलता?’ माझ्यातला बातमीदार अजूनही मुलाखतच घेत होता, आणि ते मला एकटीला कधीच दिसले नसते.

कामातून असे बाजूला होण्याचे मोल काय, याचे एक उदाहरण देते. अमेरिकेतील ‘लाइफ’ नियतकालिकात काम करणारे रॉबर्ट ड्रू यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात हार्वर्ड विद्यापीठात पत्रकारांसाठीच्या पाठ्यवृत्तीवर एक वर्ष घालवले आणि माहितीपट इतके रटाळ का होतात, यावर विचार केला. १९६० मध्ये केनेडी आणि हम्फ्री यांच्या विस्कॉन्सिनमधील प्राथमिक (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या) निवडणुकीमागे हलका कॅमेरा घेऊन धावणारा जो माहितीपट त्यांनी केला, त्याची मुळे त्या रिकाम्या वर्षात आहेत, असे मी मानते.

तिपाई नको

‘कोरी रीळ’, आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. ड्रू यांनी त्या वर्षात चित्रपटाची पदवी घेतली नव्हती. इतर नामवंत माहितीपटकारांचेही तेच. फ्रेडरिक वाइझमन कायदा शिकले आणि शिकवत होते. एरल मॉरिस तत्त्वज्ञानाचे संशोधन अर्धवट सोडून काही काळ खासगी गुप्तहेर होते. जॉन ग्रिअरसन तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. ज्याँ रूश स्थापत्य अभियंता म्हणून नायजर नदीच्या प्रदेशात गेले. असे सांगतात की रूश यांची तिपाई प्रवासात नदीत गेली आणि तेव्हापासून ते कॅमेरा हातात धरून चित्रित करू लागले. (माझे इथले नाव त्यावरूनच आहे.)

रूश यांचा खरा वर्ग कुठे भरला, तेही सांगतो. पाणघोड्याच्या शिकारीवरील आपला चित्रपट त्यांनी काही वर्षांनी त्याच शिकाऱ्यांना दाखवला. शिकारीच्या दृश्याखाली त्यांनी तिथलेच शौर्यसंगीत घातले होते. शिकाऱ्यांनी आक्षेप घेतला: शिकारीच्या वेळी शांतता हवी, हे संगीत ऐकून पाणघोडा पळून जाईल. रूश यांनी ते संगीत काढून टाकले. पार्श्वसंगीताबद्दलचा याहून मोठा धडा कोणत्या प्राध्यापकाने दिला आहे?

माझा मुख्य आक्षेप कालगणनेचा आहे. अभ्यासक्रमातला चित्रपट सत्राच्या तारखेला संपावा लागतो, आणि माणसांचे आयुष्य सत्रांत चालत नाही. ज्याच्या खटल्याचा निकाल तिसऱ्या वर्षी लागणार, त्याच्यावरचा पदवीपट दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कसा संपवणार? मग विद्यार्थी विषय असाच निवडतो की जो चार सत्रांत मावेल, आणि ती निवड पुढे हाडीमासी खिळते.

संकलनमेज

गेली अनेक वर्षे मी इतरांचे माहितीपट संकलित करत आलो आहे. त्यात पदवीधरही असतात आणि स्वयंशिक्षितही, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे टोचणारे लिहितो.

‘तिपाई नको’ यांच्या यादीत जे टिकले तेच दिसतात. शिक्षणाविना धडपडून पहिल्याच फुटेजच्या ढिगाऱ्याखाली दबले गेले, त्यांची यादी कोणी करत नाही. शिवाय रूश यांचे केवळ अभियंतापण सांगणे हे अर्धसत्य आहे, कारण त्यांनी पुढे मानववंशशास्त्राचा रीतसर अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. पाणघोड्याच्या त्या किश्श्यातून निघालेली पद्धत, म्हणजे चित्रित केलेले ज्यांचे आहे त्यांनाच दाखवून त्यांचे म्हणणे पुन्हा कामात घेणे, आज दृश्य मानववंशशास्त्राच्या (चित्रपट-छायाचित्रांतून मानवी समाजांचा अभ्यास करणाऱ्या शाखेच्या) वर्गांत शिकवली जाते. मँचेस्टर विद्यापीठात तर १९८७ पासून त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. एकाला अपघाताने गवसलेले दहा जणांपर्यंत पोहोचवणे हेच शिक्षणसंस्थेचे काम असते.

‘कोरी रीळ’ यांना मात्र इतकेच सांगेन की बारा जणांसमोर दाखवलेला रफ कट बारा जणांच्या आवडीने घासलाही जातो. पदवीपट माझ्याकडे आले की पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात: दीर्घ स्थिर चौकट, खिडकीशी पाठमोरे बसलेले माणूस, निवेदन अजिबात नाही, आणि शेवटी पुन्हा तीच चौकट, या वेळी रिकामी. निवेदन वाईटच असते असे या मुलांना कोणी शिकवले, हे मला अजून कळलेले नाही. वाइझमन काही आठवडे चित्रीकरण करून पुढे कित्येक महिने संकलनाला देत. अभ्यासक्रमात मात्र संकलनासाठी शेवटचे सहा आठवडे उरतात, ही माझी खरी तक्रार आहे.

बूमधारी

ध्वनीचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, यावरूनच बहुतेक अभ्यासक्रमांत त्याचे स्थान कळते. हललेली चौकट प्रेक्षक सहन करतो, पण न कळणारे बोलणे सहन करत नाही. ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी एवढेच पाहावे: ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र अध्यापक आहे का, आणि पदवीपटाचे हक्क विद्यार्थ्याकडे राहतात की संस्थेकडे जातात. दुसरी गोष्ट प्रवेशाच्या कागदांत बारीक अक्षरांत असते आणि पहिल्या महोत्सवाचे निमंत्रण आल्यावर वाचली जाते.

एक पात्र

मी चित्रपट करत नाही. माझ्यावर एका विद्यार्थ्याने पदवीपट केला, म्हणून लिहिते आहे.

पहिल्याच भेटीत, पहिल्या तासाभरात माझी सही घेतली गेली. आपण पुढे काय बोलणार आहोत हे ठाऊक नसताना त्याला संमती देणे किती विचित्र आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही. पुढचे तीन महिने तो मुलगा जवळजवळ रोज येत होता. माझ्या आजारपणाविषयी मी त्याला जे सांगितले ते घरातही सांगितले नव्हते. मग परीक्षा झाली आणि येणे थांबले. चित्रपट दोन ठिकाणी दाखवला गेल्याचे मला तिसऱ्याकडून समजले. मी तो अजून पाहिलेला नाही.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याला कॅमेऱ्यासाठी गुण होते, संकलनासाठी गुण होते. माझ्याकडे परत येण्यासाठी गुण नव्हते.

तिपाई नको

याहून अधिक काही लिहिण्याची मला गरज उरली नाही.

कोरी रीळ

‘एक पात्र’ यांचे म्हणणे मी निमूट स्वीकारते. पण ‘तिपाई नको’, त्यातून आपला निष्कर्ष निघत नाही. मॉरिस कोणत्याही चित्रपटशाळेत घडले नव्हते. पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या रँडल अ‍ॅडम्स यांच्यावर त्यांनी केलेला माहितीपट १९८८ मध्ये आला, त्यातून खटल्यातील पुराव्यांचा फोलपणा उघड झाला आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटले. सुटल्यावर स्वतःच्या जीवनकथेच्या हक्कांसाठी त्यांना त्याच दिग्दर्शकाशी कायदेशीर वाद घालावा लागला. ज्या चित्रपटाने माणसाला तुरुंगातून सोडवले, तिथेही ‘ही गोष्ट कोणाची?’ हा प्रश्न सुटला नाही, तर त्याचे खापर केवळ अभ्यासक्रमावर फोडणे न्याय्य नाही.

आमच्याकडे नैतिकता समिती होती आणि तीही मुख्यतः कागद तपासत असे. मात्र माझ्या मार्गदर्शकांनी परीक्षेआधी चित्रपट त्या जुळाऱ्यांना दाखवण्याचा आग्रह धरला. छापखान्याच्या मालकाच्या कर्जाबद्दल आपण बोलतो तो प्रसंग काढावा, असे जुळाऱ्यांनी मला सांगितले. मी मार्गदर्शकांना विचारले, तेव्हा ‘हा निर्णय मी घेतला तर तुम्ही काय शिकलात?’ एवढेच उत्तर मिळाले. मी प्रसंग काढला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिले की चित्रपट दुसऱ्या अर्ध्या भागात लंगडतो, आणि ते खरेच आहे. तो नेमका तिथेच लंगडतो.

संकलनमेज

मी तो प्रसंग ठेवला असता, आणि कर्जाचा उल्लेख वगळून केवळ त्यांचा थांबलेला चेहरा वापरला असता. पण तसे करायला सहा आठवडे पुरत नाहीत, हे मी आधीच म्हटले आहे.

एक पात्र

ते गृहस्थ अजून आपल्याशी बोलतात का?

कोरी रीळ

बोलतात. अंतिम प्रत पाहून झाल्यावर त्यांनी श्रेयनामावलीत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका काढून दिल्या. दोन मी दुरुस्त केल्या आहेत. तिसरी परीक्षेला सादर केलेल्या प्रतीत तशीच राहिली, आणि भेटलो की ते तिची आठवण करून देतात.