मदत हवी आहे: नाडीच्या पट्ट्याचं ॲप घरच्यांनाच घाबरवतंय

मंडळी,

मनगटावर बांधायच्या नाडी मोजणाऱ्या पट्ट्यासाठी आम्ही तिघं मोबाइल ॲप करतोय. पट्टा दुसऱ्यांचा, ॲप आमचं. वापरणारे बहुतेक साठीच्या पुढचे आणि त्यांची मुलं दूरगावी, म्हणून एक स्क्रीन आईवडिलांची, दुसरी मुलांची. घोळ दोन्हीकडे झालाय.

पहिला माझ्याच घरचा. बाबा एकादशीला भजनाला बसले, हातात टाळ. पट्टा हिरवा उजेड त्वचेवर टाकून परत आलेला मोजतो. हात एका लयीत हलत राहिला की ती लय सिग्नलमध्ये घुसते. (पळणाऱ्यांच्या पावलांचंही असंच होतं म्हणे.) पट्ट्याने टाळालाच नाडी समजून १४८ दाखवले. आमची स्क्रीन लालभडक, वर 'धोका! ठोके वाढले आहेत'. शेजारच्या काकांनी ते वाचलं, भजन थांबलं, रिक्षा आली. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल. तेव्हापासून पट्टा कपाटात. "मला काही झालं नव्हतं, तुझ्या ॲपने झालं असतं," हे वर.

दुसरा घोळ माझ्या हातचा. एका मित्राच्या बहिणीने दुबईहून रात्री आईचं पान उघडलं तर ठोके '०'. अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲप झोपवलं होतं, आणि डेटा नसेल तिथे शून्य टाकायचं हे कोडमध्ये मीच लिहिलेलं. आई मजेत घोरत होती. बहिणीने मात्र सगळी बिल्डिंग उठवली.

विचारायचंय ते असं: इशारा कधी द्यावा, कुठल्या शब्दांत? आणि डेटा नाही हे घाबरवल्याशिवाय कसं दाखवावं? 'अनियमित हृदयगती' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, म्हणजे अटॅकच ना?

*

प्रतिसाद: ब्लूटूथवालं काम मी करतो. पट्टा ब्लूटूथची प्रमाणित हार्ट रेट सेवा वापरत असेल तर प्रत्येक मोजणीच्या पहिल्या बाइटमधले बिट १ आणि २ बघा. पट्टा त्वचेला टेकलाय की नाही ते त्यात येतं, अर्थात पट्टेवाल्यांनी ते भरलं असेल तर. अनेक ॲपं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. टेकलेला नसेल तर आकडा दाखवूच नका. शून्य काढून रेघ टाका, खाली 'शेवटची नोंद रात्री ११:४०, पट्टा किंवा फोन संपर्कात नाही'. जोडणी फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये (वर सूचना दाखवत मागे चालू राहणारा ॲपचा भाग) ठेवा. अँड्रॉइड १४ पासून तिचा प्रकार 'कनेक्टेड डिव्हाइस' असा सांगावा लागतो. तरीही काही फोन ॲप मारतातच, त्यामुळे पट्ट्यात साठवायची सोय असेल तर सकाळी वेळेसकट भरून घ्या. पट्ट्यात ॲक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) असेल तर हात हलत असतानाच्या मोजणीवर इशारा नकोच. टाळाचा प्रश्न तिथेच मिटेल.

*

प्रतिसाद: मी फिजिशियन आहे. एका मोजणीवर इशारा देणं ही मूळ चूक. ॲपल आणि स्टॅनफर्डच्या अभ्यासात (२०१९ मध्ये प्रसिद्ध झाला) ४८ तासांत ६ पैकी ५ नोंदी अनियमित आल्या तरच सूचना जायची. ४,१९,२९७ लोकांपैकी २,१६१ जणांनाच ती गेली, म्हणजे ०.५२ टक्के. त्यांना मग ईसीजीचा पॅच (छातीवर चिकटवायची पट्टी) पाठवला. ज्यांनी तो लावून परत केला त्यांच्यात सुमारे एक तृतीयांश लोकांना एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा विकार) सापडलं. सूचना म्हणजे निदान नव्हे, हे स्क्रीनवरच लिहा.

शिवाय तुमचा पट्टा हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. हेही लिहा, आणि उलट बाजूही: छातीत दुखतंय, दम लागलाय, घाम फुटलाय तर ॲपमधला आकडा कितीही चांगला दिसो, १०८ ला फोन. माझ्याकडे लोक घड्याळ दाखवत येतात, "यात नॉर्मल आहे" म्हणत, आणि दुखतंय हे शेवटी सांगतात. मला तुमच्या लाल स्क्रीनपेक्षा त्या हिरव्या टिकमार्कची जास्त भीती वाटते.

*

प्रतिसाद: 'हृदयगती' शब्दच काढा हो. आमच्या आजी 'नाडी' म्हटलं की समजतात, लगेच हात पुढे करतात.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ताई (डॉक्टर), हिरवा टिकमार्क आमच्याकडे आहे आणि चांगला मोठा आहे. आज काढतो. नवीन मजकूर असा केलाय, जरा बघा:

'नाडी काही वेळा एकसारखी लागली नाही. घाई नाही. पाच मिनिटं शांत बसा, पट्टा नीट बांधा, पुन्हा मोजा. पुन्हा तसंच आलं तर डॉक्टरांना ही नोंद दाखवा. छातीत दुखत असेल तर थांबू नका, १०८.'

आईला वाचून दाखवलं. 'घाई नाही' वाचल्यावर पुढचं कोण वाचणार, असं तिचं म्हणणं. म्हणजे १०८ ची ओळ सगळ्यात वर न्यावी का? पण वर नेली की पुन्हा सगळे रिक्षा बोलावतील. इथे अडलोय.