पतीच्या मृत्यूचे गूढ कादंबरीच्या शेवटी उकलावे का?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. निवेदन नायिकेच्या तोंडी आहे. तिचा नवरा रात्री तलावात बुडून मरतो, पोलीस अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद करतात आणि तीन वर्षांनी त्याची गाडी विकायला काढताना तिला पुढच्या कप्प्यात त्याचा चष्मा सापडतो, काड्या मिटून डबीत नीट ठेवलेला. त्या जाड भिंगांशिवाय त्याला दहा पावलेही धड चालता येत नसत. तो घसरला, त्याने स्वतः उडी घेतली की त्याला कोणी ढकलले, हे शेवटपर्यंत न सांगण्याचा माझा विचार आहे, परंतु हस्तलिखित वाचलेल्या दोघांनाही आपली फसवणूक झाली असे वाटले. शवविच्छेदन झाल्यावरही इतका संशय खरोखर शिल्लक राहू शकतो का?

पहिला प्रतिसाद

राहू शकतो, आणि बुडून झालेल्या मृत्यूत तर विशेषच. मृत्यूचे कारण (इथे बुडणे) आणि मृत्यूचा प्रकार (अपघात, आत्महत्या की खून) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडताना हृदय चालू असेल तर पाण्यातील डायटम नावाची सूक्ष्म शैवाले फुप्फुसांतून रक्तात शिरून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकतात. ती सापडली तर माणूस जिवंतपणी पाण्यात पडला या अनुमानाला बळ मिळते, मात्र न सापडल्याने उलट काही सिद्ध होत नाही. बुडण्याची एकच एक खात्रीची खूण शरीरावर नसते, म्हणून डॉक्टर इतर कारणे बाजूला सारत निष्कर्षाकडे जातात. आणि तो निष्कर्ष पक्का झाला तरी माणूस पाण्यात कसा पडला, हे फुप्फुसे सांगत नाहीत. झटापटीच्या खुणा नसतील तर घसरलेला आणि अचानक ढकललेला माणूस टेबलावर सारखाच दिसू शकतो. तुमची संदिग्धता नेमकी याच जागी ठेवा. मृतदेहावर रक्त साकळून उमटणारे डाग साधारणपणे ८ ते १२ तासांत पक्के होतात आणि प्रेत हलवल्याचा सुगावा देऊ शकतात. असा पुरावा चुकून कथेत आणलात, तर अपघाताची शक्यता तिथेच संपेल.

दुसरा प्रतिसाद

वाचक म्हणून माझे मत वेगळे आहे. चारशे पाने संशयाची सुई फिरवत ठेवून शेवटी हात वर करणे मला पटत नाही. जे घडले ते लेखिकेला तरी ठाऊक असलेच पाहिजे.

तिसरा प्रतिसाद

मला शेवटापेक्षा चष्म्याची जागा अडते. अशा मृत्यूत जोडीदारावर पहिला संशय येतो आणि गाडीही तपासली जाते, मग तीन वर्षे ती डबी कोणालाच कशी दिसली नाही? पोलिसांना गाफील ठरवून हे निभावता येईल, पण त्यात कादंबरीचे नुकसान आहे. त्याऐवजी पोलीस पोहोचण्याआधी नायिकाच गाडीपर्यंत गेली असेल, तिने डबी पाहिली असेल आणि पर्समध्ये टाकली असेल, तर? ज्याला चष्म्यावाचून दिसत नाही तो माणूस तो जपून काढून ठेवतो आणि अंधारात पाण्याकडे जातो, याचा अर्थ तिला त्याच क्षणी उमगला असेल आणि तो सहन झाला नसेल. मग तीन वर्षे ती खुनी शोधते, कारण खुनी सापडला तर नवऱ्याने आपल्याला सोडून जाण्याचे ठरवले नव्हते, असे तिला मानता येईल. तरीही त्याला गाडीतून कोणी ओढून नेले असण्याची शक्यता उरतेच. हे वाचकापासून लपवायचे असेल तर मात्र प्रामाणिकपणे लपवा. पहिल्याच प्रकरणात ती गाडीपाशी एकटी उभी असलेली दिसू द्या, पर्सची चेन लावल्याचा आवाज येऊ द्या आणि पुढे जा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पर्सच्या चेनच्या त्या आवाजाने माझी अडचण सुटली. आजवर मी 'त्याला कोणी मारले' याचेच उत्तर रोखून धरले होते आणि त्यामुळे वाचकाच्या हाती काहीच पडत नव्हते. तलावाकाठी काय घडले हे आता मी माझ्यापुरते ठरवीन, पण पुस्तकात ते अनुत्तरितच राहील. तिने डबी का लपवली, याचे उत्तर मात्र तिच्याच तोंडून येईल. गाडी विकण्याचा प्रसंग काढून टाकते आणि पहिले प्रकरण पुन्हा लिहायला घेते.