टीपीएमएसचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो: चारही सेन्सर बदलायचे का?

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, चारही चाकांत टीपीएमएसचे (टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे) कंपनीचेच आतले सेन्सर. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसतो. दिवाळीत दोन नवे टायर बसवले, तेव्हाच दोन्ही बाजूंची पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. महिनाभरापासून सकाळी गाडी चालू केली की टीपीएमएसचा दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग सलग पेटून राहतो. उजव्या मागच्या चाकाच्या जागी नुसत्या रेघा येतात. दुपारी कधीकधी तिथे आकडा परत येतो.

दुसरी गोष्ट, डाव्या पुढच्या चाकाचा आकडा २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसतो, पण गेज लावलं की तिथे बरोबर ३३ भरतं. टायरच्या दुकानात सांगितलं, एक सेन्सर मेलाय, दुसरा चुकतोय, बाकीचे दोनही तेवढेच जुने आहेत, चारही बदला. खरंच चारही बदलायला हवेत का? आधी घरी काय तपासता येईल?

मकरपुरा ऑटोइलेक्ट्रिक:
चारही बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

आधी दिवा काय सांगतोय ते बघा. सुरुवातीपासून सलग पेटला तर हवा कमी आहे. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के हवा उतरली की तो पेटतो. ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग सलग राहिला तर यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे एखाद्या सेन्सरचा सिग्नल पोचत नाही. तुमचा प्रकार दुसरा. सेन्सरमधली लिथियम बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि ती आत लाखेसारख्या मसाल्यात बंद केलेली असते, सुटी बदलता येत नाही. संपत आलेली बॅटरी गारठ्यात आधी मान टाकते, ऊन चढलं की पुन्हा थोडी सावरते. सकाळी रेघा आणि दुपारी आकडा, याचं कारण बहुधा हेच. एकच चाक गप्प असेल तर त्या चाकाचा सेन्सर गेला. चारही एकदम गप्प झाले तर सेन्सरना दोष देऊ नका. फ्यूज, सेन्सरचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि त्याचा कनेक्टर बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ज्या गाड्यांच्या आत शिरलं, त्यांत हे आवर्जून तपासावं. चाकातला सेन्सर पाण्याला दाद देत नाही, कनेक्टरच्या पिना मात्र हळूहळू हिरव्या पडतात.

आता खरी गोम. चाकं अदलाबदल केल्यावर गाडीला नव्या जागा कुणी शिकवल्या का? शिकवल्या नसतील तर स्क्रीनवर ज्या चाकाचं नाव आहे, ते चाक प्रत्यक्षात दुसरीकडे आहे. काही गाड्या जागा आपोआप ओळखतात, पण बऱ्याच ओळखत नाहीत. दुकानात उजवं मागचं चाक उघडलं असतं तर चांगला सेन्सर काढून फेकला गेला असता.

घरी असं करा. सकाळी, गाडी निदान ३ तास उभी असताना, एकाच गेजने चारही चाकं मोजून आकडे कागदावर लिहा. पेट्रोल पंपावरच्या गेजमध्ये सहज २-३ पीएसआयचा फरक असतो, म्हणून गेज एकच हवं. मग एका चाकातून ४ पीएसआय सोडा आणि स्क्रीनवर कोणता आकडा खाली येतो ते पाहा. लगेच काही हललं नाही तर गाडी ५-१० मिनिटं ४० च्या वेगाने फिरवा, कारण उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो आणि क्वचितच बोलतो. आकडा कळला की हवा परत भरा, मग पुढचं चाक.

कारेलीबागकर:
वरच्या उत्तराला जोड. सकाळ आणि दुपार यांतल्या फरकाने गोंधळू नका. तापमान १० अंशांनी बदललं की ३३ च्या टायरमध्ये दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो. जानेवारीत बडोद्यात सकाळी १२-१३ अंश आणि दुपारी २८-२९, म्हणजे अडीच पीएसआय नुसत्या उन्हाचे. दुमाड चौकडीवरून एक्सप्रेसवेला लागून अहमदाबादपर्यंतचे ९३ किलोमीटर धावलं की ३३ चे ३७-३८ होणं अगदी साहजिक आहे. तिथे थांबून हवा सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी पडेल आणि दिवा पेटेल. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो. नायट्रोजन भरला तरी हेच गणित.

पाणीगेट टायरवाला:
डाव्या बाजूच्या २९ कडे दुर्लक्ष करू नका. सेन्सर बंद पडतो हे खरं, पण नेमाने ४ पीएसआय कमी दाखवत राहणं विरळाच. कुठल्यातरी चाकात खरोखरच २९ असणार. डावं मागचं मोजून बघा आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा.

मांजलपूरकर:
सगळं करून पाहिलं. डाव्या मागच्या चाकात गेजने २९ निघाले! तिथली हवा सोडल्यावर स्क्रीनवरचा डाव्या पुढच्याचा आकडा उतरला, आणि डाव्या पुढच्याची सोडल्यावर डाव्या मागच्याचा. उजव्या मागच्यातून सोडली तर उजव्या पुढच्याचा उतरला. उजव्या पुढच्या चाकातून सोडल्यावर एकही आकडा हलला नाही, दहा मिनिटं फिरवूनसुद्धा नाही. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे डाव्या मागच्या व्हॉल्व्हच्या नटापाशी येतात. आता पुढे काय?

मकरपुरा ऑटोइलेक्ट्रिक:
म्हणजे मेलेला सेन्सर उजव्या पुढच्या चाकात आहे. तो एकच बदला. उघडण्याआधी ट्रिगर टूल व्हॉल्व्हजवळ धरून खात्री करून घ्या. ते १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी सेन्सर जागा करतं, आणि जिवंत सेन्सर दाब, तापमान, आपला आयडी आणि बहुधा बॅटरीची स्थितीही सांगतो. बाकीच्या तिघांची बॅटरी त्याच वेळी वाचून घ्या.

नवा घेताना फ्रीक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांना ४३३ मेगाहर्ट्झचा लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अमेरिकन गाड्यांचे सेन्सर बरेचदा ३१५ चे असतात. ते बसतात छान, पण गाडीला ऐकूच येत नाहीत. कोरा, प्रोग्राम करता येणारा सेन्सर घेतला तर त्यात जुन्याचाच आयडी टाकता येतो. जुना मेला असला तरी आयडी त्याच्या अंगावर छापलेला असतो, किंवा ओबीडीतून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) गाडीच्या युनिटमधून वाचता येतो. पण तुमच्याकडे चारही जागा चुकलेल्या आहेत, तेव्हा शिकवणी नव्यानेच करून घ्या. टूलने करायची तर बहुतेक गाड्यांत क्रम डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. काही गाड्या स्वतः शिकतात. त्यांना २० मिनिटं उभं ठेवून मग २५ च्या वर सलग १५-२० मिनिटं चालवावं लागतं. तुमची कोणत्या जातीची ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

आणि चार्जरच्या भोकात स्वस्तातला डॅशकॅम किंवा यूएसबी चार्जर असेल तर शिकवणीच्या वेळी काढून ठेवा. त्यांच्या रेडिओ-गोंगाटात सेन्सरचा क्षीण सिग्नल बुडतो.

पाणीगेट टायरवाला:
डाव्या मागच्याला सेन्सर नको, सर्व्हिस किट हवं: रबरी ग्रोमेट (व्हॉल्व्हच्या बुडाशी बसणारी कडी), वॉशर, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपी. टायर रिमवरून उतरला की ते दर वेळी बदलायचं असतं. दिवाळीत बहुधा जुन्याच ग्रोमेटवर नट आवळला गेला. रबर एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही. गळतंय म्हणून नट आणखी आवळू नका. ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह आहे, मानेशी तडकतो, आणि तडकला तर चालत्या गाडीत हवा एकदम जाते. पाना टॉर्कचाच हवा: बऱ्याच सेन्सरवर ४ ते ८ न्यूटन मीटर, नेमका आकडा किटच्या पाकिटावर असतो. पिनेला ०.३ ते ०.५ पुरे.

पिन निकेलचा मुलामा असलेलीच घ्या. साधी पितळी पिन ॲल्युमिनियममध्ये घातली की ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो, पिन आत चिकटते आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. पितळी टोपीचंही तेच, प्लास्टिकची टोपी उत्तम.

टायर उतरवताना समोर उभे राहा. बीड (टायरची रिमवर बसलेली कडा) फोडायचं पातं व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लागलं पाहिजे. व्हॉल्व्हजवळ लागलं तर सेन्सरची खोळ फुटते आणि नवा घ्यावा लागतो. शेवटी बॅलन्सिंग करायलाच लावा, सेन्सरचं वजन चाकाला जाणवतं. पंक्चरसाठी टायरमध्ये लिक्विड सीलंट ओतू देऊ नका. तो सेन्सरच्या दाबाच्या भोकात जाऊन बसतो आणि मग आकडा गोठतो.

कारेलीबागकर:
माझाही एक प्रश्न. माझ्या गाडीत आकडे नाहीत, नुसता दिवा आहे. ही तपासणी चालेल का?

मकरपुरा ऑटोइलेक्ट्रिक:
मेनूत हवेचा दाब ‘सेट’ किंवा ‘रीसेट’ करायचा पर्याय असेल आणि आकडे कुठेच नसतील, तर बहुधा तुमच्या चाकात सेन्सरच नाही. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून गाडी चाकांचे फेरे मोजते. हवा उतरली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, फेरे वाढतात, आणि दिवा पेटतो. म्हणून हवा भरली, टायर बदलले किंवा चाकं अदलाबदल केली की थंड टायरवर रीसेट करायलाच हवा. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला कळायला फार उशीर होतो, महिन्यातून दोनदा गेज लावा. एबीएसचा दिवाही सोबत पेटला तर टायर सोडून चाकाच्या हबजवळचा सेन्सर आणि त्याची वायर बघा.

मांजलपूरकर:
उजव्या पुढच्या चाकात ४३३ चा एक सेन्सर, डाव्या मागच्याला किट, आणि टूलने चारही जागा शिकवल्या. बाकीच्या तिघांची बॅटरी टूलवर ठीक दिसली. दिवा विझलाय, आज सकाळी चारही आकडे गेजशी एका पीएसआयच्या आत जुळले.

पाणीगेट टायरवाला:
आठवड्याने डाव्या मागच्याला टायर थंड असताना पुन्हा गेज लावा. ३३ चे ३३ राहिले तर ग्रोमेट बसला. उरलेले तीन सेन्सर पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा बदला, तेव्हा चाकं उतरलेलीच असतील.