ताव मारा, पण कसारा घाट लक्षात ठेवून

क्रूझवरून मुंबईला उतरून गाडीने नाशिकला यायचं असेल, तर शेवटच्या सकाळी बुफेवर ताव मारावा की चहा-बिस्किटांवर उतरावं, असं विचारलंय. उपाशी अजिबात उतरू नका! बोट मुंबईला लागली तरी सामान, रांगा, गाडी यात सहज दुपार होते. फक्त बुफे टाळा; त्या दिवशी तिथे ट्रॉलीबॅगांतून वाट काढत प्लेट सांभाळावी लागते. टेबलावर वाढतात ते डायनिंग रूम उघडं असेल तर निवांत बसा. इडली, ऑम्लेट-टोस्ट, केळं, बस. पुरीभाजी नि क्रीमच्या पेस्ट्र्यांना हात लावू नका, पुढे कसाऱ्याची वळणं आहेत. (घाट टाळून समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून येणार असाल तर दोन पुऱ्या माफ.) खोलीत नाश्ता मागवायचा बेत असेल तर आदल्या रात्रीच विचारून ठेवा, बऱ्याच बोटींवर शेवटच्या सकाळी ती सोय बंद असते. बाकी, नाशिकला पोचल्यावर काळ्या रश्श्याची मिसळ आहेच, वर पापड मोडून.