खोगीरभरती गाण्यांची असते का? (मेटॅलिकाच्या २०२३ च्या अल्बमवरून)

गंजका_तासा: मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा '७२ सीझन्स' आला, १४ एप्रिलची सुट्टी होती म्हणून सलग बसून ऐकला आणि कॉलेजच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या की सुरुवात झकास, 'लक्स इटर्ना' तर साडेतीन मिनिटांच्या आत काम तमाम, पण मधली पाच-सहा गाणी नुसती खोगीरभरती. झालं! आमचा आत्येभाऊ मराठीचा मास्तर आहे, तो म्हणे खोगीरभरती माणसांची असते, 'कमिटीत सगळी खोगीरभरती' असं म्हणायचं, गाण्यांना म्हणत नाहीत. अरे मग शाळेत बाई 'निबंधात खोगीरभरती नको' म्हणायच्या ते काय होतं? तर इंग्रजीत ज्याला फिलर म्हणतात त्याला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि खोगीरभरती चालेल ना?

मावळतीकर: चालेल की, न चालायला काय झालं. पुलंनी स्वतःच्या लेखांच्या पुस्तकाला तेच नाव दिलंय. मास्तरांना सांगा त्यात माणसं कोंबलेली नाहीत म्हणून.

बाकी अल्बमबद्दल असहमत. 'शॅडोज फॉलो' मधलं आहे का सुरुवातीचं आहे? ते जर खोगीरभरती असेल तर आपलं जमायचं नाही.

वाईकडची: आमच्या आजोबांचा टांगा होता आणि एक घोडी नुसती बसायला. खोगीर म्हंजे सिनेमात दिसतं ते कडक चामड्याचं जीन नव्हे, ती भरलेली गादी असते, आत चिंध्या, काथ्या, फाटकी गोधडी, जे हाताला लागेल ते. काय भरलंय ते कुणी बघत नाही म्हणून कुचकामी मालाला खोगीरभरती म्हणायला लागले असणार. पण मला एक कळत नाही, ती भरती काढा बघू आणि बसा घोडीवर, दोघांचीही पाठ सोलून निघेल. म्हंजे भरती फुकटची नाहीच, काम करते ती. मेटॅलिका मला फारसं कळत नाही, मुलगा लावतो म्हणून कानावर येतं.

रिफरसिक: वाईकडच्या ताई, कळत नाही म्हणता आणि मुद्द्याचं बोलून गेलात. मधली गाणी मिड-टेम्पोची, म्हंजे मध्यम वेगाची आहेत, 'यू मस्ट बर्न' वगैरे, ती दम खायला आहेत. १२ गाणी एकाच वेगात मारली तर कान बधिर होतील. शिवाय ह्या अल्बमवर एकही बॅलड, म्हंजे संथ गाणं नाही, मग श्वास घ्यायचा कुठे?

शुद्धमती: खोगीर हा शब्दच मुळी फारसी, त्याला मराठी ठरवून त्याच्यावर वाद घालणं मजेशीर आहे. आपला शब्द पालाण, संस्कृत पर्याणवरून आलेला. आणि जुन्या टीकालेखनात 'भरतीचे शब्द' असा स्वच्छ प्रयोग आहे, तेव्हा 'भरतीची गाणी' म्हणावं. किंवा पूरकगीत. अल्बमलाही गीतसंच म्हणता येतं, इच्छा असेल तर.

मावळतीकर: भरतीची गाणी म्हटलं की लोकांना पोलीसभरती आठवेल नाहीतर कोळीगीतं.

नुक्ता: फारसी आहेच आणि झकास आहे. खोय म्हंजे घाम, गीर म्हंजे धरणारा, घाम टिपणारं ते खोगीर. हेडबँगिंग करणाऱ्यांना, म्हंजे गाण्यावर गदागदा डोकं हलवणाऱ्यांना, याहून योग्य शब्द कुठला मिळणार? शुद्धमतीताईंनी पूरकगीत म्हटलंय, पण मग त्याच धातूतनं आलेल्या पुरणाचं काय, पोळीत खायची गोष्टच ती असते!

शुद्धमती: विनोद ठीक आहे, पण त्याने युक्तिवाद होत नाही. संस्कृत श्लोकात वृत्त भरायला च, वै, तु, हि घालतात त्यांना पादपूरक म्हणतात. अर्थ काही नाही, फक्त अक्षरं भरायची. फिलरचा अर्थ अगदी हाच नाही का?

जुनी_कॅसेट: हे पटलं बरं का, कारण इथेही मापच भरायचं होतं. एलपीच्या, म्हंजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट बसायची, म्हणून बँडला छाटावं लागायचं. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' बघा, ८ गाणी, दाटून बसवूनही जेमतेम ५५ मिनिटं. मग सीडी आली, ती घेते ऐंशीच्या आसपास, आणि १९९६ चा 'लोड' पार ७९ मिनिटांपर्यंत गेला! २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' पंचाहत्तरच्या घरात, २०१६ चा 'हार्डवायर्ड' सत्त्याहत्तर, आणि हा '७२ सीझन्स'ही सत्त्याहत्तर. आता सीडी कोण घेतंय, पण माप डोक्यात बसलंय ते बसलंय.

गंजका_तासा: बरोबर, पण पादपूरक म्हटलं तर ग्रुपवरची पोरं मला ग्रुपमधनं काढतील.

रिफरसिक: मला वाटतं तुमचा शब्द बरोबर आणि आरोप चुकीचा. खोगीरभरती म्हंजे अख्खं गाणंच नको होतं. इथे तसं एकही गाणं नाही, प्रत्येकात एक तरी दणदणीत रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) आहे, गाणारा आणि गिटार वाजवणारा हेटफील्ड, त्याचा उजवा हात अजून तसाच चालतो. तक्रार ही आहे की चार मिनिटांत जे सांगून झालंय तेच सात मिनिटं सांगतात, एक कडवं जास्त, एक फेरा जास्त, वर दुसरा गिटारवाला कर्क, त्याचा सूर 'वाव-वाव' करणारा वाह-वाह पेडल. ह्याला मराठीत आधीपासनं शब्द आहे, पाल्हाळ. कीर्तनकाराला लावतात तोच.

मावळतीकर: आणि 'इनामोराता'? अकरा मिनिटांच्या वर, त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब गाणं, आणि आमच्याकडे सगळ्यांना तेच सगळ्यात जास्त आवडलंय. ते पाल्हाळ का नाही मग?

रिफरसिक: कारण त्यात मध्ये सगळं थांबून नुसता बेस उरतो आणि तिथून परत उभारतात. ती बढत आहे, रागदारीत गाणं पायरीपायरीने वाढवत नेतात तशी. लांबी आणि पाल्हाळ एक नव्हे.

नुक्ता: बढत हिंदी की मराठी यावर कृपया कुणी बोलू नये.

शुद्धमती: बोलणार नव्हते, पण शीर्षकाबद्दल बोलते. '७२ सीझन्स'चं मराठी 'बहात्तर ऋतू' असं एका ठिकाणी वाचलं, ते सपशेल चूक आहे. त्यांच्या वर्षात चार सीझन, म्हणून बहात्तर म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं, ज्यात माणूस घडतो की बिघडतो. आपले ऋतू सहा. बहात्तर ऋतू म्हणजे बाराच वर्षं होतात.

जुनी_कॅसेट: अरे मग झालं की, बारा वर्षं म्हंजे एक तप! गाणीपण बाराच आहेत.

मावळतीकर: बारा वर्षांच्या पोराला कसला आलाय ह्या गाण्यांतला संताप, अठराच पाहिजेत. आणि सहा ऋतू पंचांगात हो, मला तर तीनच माहितीयेत, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. भागिले तीन, चोवीस.

वाईकडची: आमच्या शेतीत हंगाम म्हणतात आणि ते धरले तर खरीप, रब्बी दोनच. छत्तीस वर्षं. छत्तिशीत कसला घडतोय माणूस.

नुक्ता: हंगाम पण फारसी, सांगून ठेवतो.

शुद्धमती: माहीत आहे.

रिफरसिक: वयाचा हिशोब आपण ऋतूंनी करतच नाही, पावसाळ्यांनी करतो. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' म्हणून 'अठरा पावसाळे' करा, अर्थ पोचतो.

मावळतीकर: कॅलिफोर्नियात वाढलेला हेटफील्ड आणि अठरा पावसाळे! तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही पडला तर.

जुनी_कॅसेट: २०११ ला बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर आम्ही गेलो होतो तेव्हा मात्र चिखलात उभं राहूनच ऐकलंय त्यांना, म्हणून पावसाळ्याला माझं मत.

शुद्धमती: ऑक्टोबर अखेरची मैफल ती. तो शरद ऋतू, फार तर हेमंताची सुरुवात.

जुनी_कॅसेट: चिखल होता ताई.