अनुभव धागा: तुम्ही पाहिलेला येन्स फोग्ट

सतरा वेळा टूर द फ्रान्समध्ये उतरला, पण एकूण विजेतेपदाच्या आसपासही कधी नव्हता. तरी २०१४ मध्ये हा जर्मन सायकलपटू निवृत्त झाला तेव्हा सोबतच्या स्वारांत त्याच्याइतका मान फार थोड्यांना होता. तो तुम्हाला कधी आवडला, किंवा का आवडला नाही, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. २००६ ची जिरो, म्हणजे इटलीची टूरसारखीच मोठी शर्यत; एकोणिसावा टप्पा, सान पेलेग्रिनोचा घाट. पुढे उरले दोघंच, फोग्ट आणि स्पेनचा गाराते. फोग्टचा कप्तान बासो मागे गुलाबी जर्सीत, म्हणजे एकूण शर्यतीत पहिला, त्यामुळे पळालेल्या गटात राबायचं फोग्टला कारण नव्हतं. तो इतरांच्या चाकामागे, वाऱ्याच्या आडोशाने वर आला. जिंकण्याइतका दम पायांत शिल्लक होता. पण आपण राबलो नाही, म्हणून त्याने गारातेच्या पाठीवर थाप दिली आणि त्याला जाऊ दिलं. मी टीव्हीसमोर चक्क ओरडलो, "अरे, मार की!" पुढे स्वतः गटातून सायकल चालवू लागलो. तीस किलोमीटर माझ्या मागे बसून आलेला माणूस शेवटच्या दोनशे मीटरला सटकला, त्या दिवशी ती थाप आठवली.

—

माझी आठवण कडू आहे. २००४ च्या टूरमध्ये दुसऱ्या संघाचा जर्मन स्वार उलरिश एकटा पळाला आणि संघाने फोग्टला पुढच्या गटातून मागे बोलावून त्याच्याच पाठलागाला लावलं. मी उलरिशचा चाहता, फार राग आला. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर जर्मन प्रेक्षकांनीच त्याला "जुडास" (येशूला दगा देणारा) म्हणून हिणवलं. ते पाहून मात्र मी गप्प झालो. पगार ज्या संघाचा, काम त्या संघाचं; यात फितुरी कसली?

—

थोडं विरजण घालतो. त्याच बासोवर पुढे पुएर्तो या स्पेनमधल्या उत्तेजकांच्या प्रकरणात बंदी आली आणि संघाचे व्यवस्थापक रीस यांनी आपण खेळत असताना ईपीओ हे बंदी असलेलं उत्तेजक घेतल्याचं २००७ मध्ये कबूल केलं. फोग्ट स्वतः चाचणीत कधी सापडला नाही, हे खरंच. पण त्या काळातल्या कुणाचंही कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

—

२०१० ची टूर, पेरसूर्द घाटाचा उतार. पुढचं टायर फुटलं, अंग सोलवटलं, संघाच्या गाड्या पुढे निघून गेलेल्या. मागून स्पर्धा सोडलेल्यांना उचलणारी गाडी आली, तिच्यात तो बसेना. मिळाली ती पिवळी, लहान मुलांची सायकल, पेडलला जुन्या पद्धतीच्या पट्ट्या. गुडघे हनुवटीला लागत असतील! मोठी सायकल हाती येईपर्यंत त्याने तीच हाणली आणि वेळेच्या मर्यादेत पोहोचला. मी त्या वर्षी पंक्चर झालं म्हणून रिक्षाने घरी आलो होतो. असो.

—

"गप्प बसा, पायांनो!" हे त्याचं वाक्य मी चढावर मोठ्याने म्हणून पाहिलंय. पाय ऐकत नाहीत. शेजारचे हसतात, आणि बोलण्यात होता नव्हता तो दमही जातो.