अन्ननलिकेतली गाठ, बायोप्सी नॉर्मल. पुढे काय?

तालुका_फिजिशियन
पुरुष, 45. घट्ट घास अडकतो, वजन उतरलेलं नाही. दातांपासून 33 सेंमीवर गुळगुळीत फुगवटा, वरचं आवरण शाबूत. सीटीत 3 सेंमीची गाठ, लिम्फ नोड नाहीत. बायोप्सीत फक्त किरकोळ सूज. पुन्हा बायोप्सी घ्यावी की सरळ सर्जनकडे पाठवावं?

एंडोसोनो
त्या जागी पुन्हा फोर्सेप्स (तुकडा घेणारा चिमटा) लावू नका. साध्या बायोप्सीत वरचा म्युकोसा, म्हणजे आतलं अस्तरच, हाती येतो, गाठ त्याच्या खाली असते. त्यामुळे हा रिपोर्ट नॉर्मल धरू नका. गाठीचा तुकडा आलेलाच नाही. शिवाय बायोप्सीच्या जखमा भरताना म्युकोसा गाठीला चिकटतो आणि पुढे गाठ सोडवताना नेमका तिथेच फाटतो.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी) करून घ्या. गाठ चौथ्या थरातली, म्हणजे मुख्य स्नायूतली, काळपट आणि एकसारखी असेल तर बहुधा लिओमायोमा (स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ). पण जिस्टही (पचनमार्गाच्या भिंतीतली, कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ) तशीच दिसते, म्हणून 22 गेजची एफएनबी सुई (गाठीतून बारीक तुकडा काढणारी) लागेल. आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावून रक्तवाहिनी नाही ना, हे बघायचं. ड्युप्लिकेशन सिस्ट (जन्मजात द्रवाची पिशवी) वाटली तर सुई नकोच, आत जंतुसंसर्ग होतो.

स्लाइडवाला
तुकडा पाठवताना फॉर्मवर डेस्मिन, एसएमए, सीडी117, डॉग1 आणि एस100 (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या रंग-तपासण्या) स्पष्ट लिहा. डेस्मिन पॉझिटिव्ह आणि सीडी117, डॉग1 निगेटिव्ह म्हणजे लिओमायोमा. फसगत इथे होते: लिओमायोमात विखुरलेल्या मास्ट पेशी (रोगप्रतिकार पेशी, गाठीच्या नव्हेत) सीडी117 ने रंगतात आणि घाईत जिस्ट म्हटलं जातं. गाठीच्या लांबट पेशी स्वतः रंगल्यात का, ते पाहायचं. एस100 पॉझिटिव्ह आलं तर श्वानोमा किंवा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (दोन्ही नसांच्या आवरणातल्या गाठी). या दुसऱ्यात वरचं एपिथेलियम (अस्तराचा सर्वांत वरचा पेशींचा थर) इतकं वाढतं की उथळ बायोप्सीवर स्क्वॅमस कॅन्सरचा, म्हणजे त्याच थराच्या कॅन्सरचा, भास होतो. त्यावरून अन्ननलिका काढण्याचा निर्णय कधीच घेऊ नये.

थोरॅसिक_ओटी
लिओमायोमा असेल तर त्रास होतोय म्हणून काढावी. त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. 3 सेंमीला दुर्बिणीतून बोगदा करून काढणं जमतं: गाठीच्या साधारण 5 सेंमी वर म्युकोसा उघडायचा, खालून गाठ सोडवायची, तोंड क्लिप्सनी बंद करायचं. थोरॅकोस्कोपीने (छातीला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने) काढली तर शेवटी छातीत पाणी भरून एंडोस्कोपमधून हवा सोडा. बुडबुडे आले तर म्युकोसा फाटलाय, तिथेच टाके घाला.

जिस्ट निघाली तर गाठ अखंडच निघाली पाहिजे. कवच फुटलं की पेशी सांडतात आणि आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो. मोठी किंवा जठराच्या तोंडाशी असेल तर आधी इमॅटिनिब ही गोळी रोज 400 मिग्रॅ देऊन लहान करता येते, पण गाठीतलं म्युटेशन (जनुकातला बदल) तपासल्याशिवाय सुरू करू नका. पीडीजीएफआरए जनुकात डी842व्ही हा बदल असेल तर ती गोळी लागूच पडत नाही, आणि ऑपरेशनआधीचे महिने फुकट जातात.